सायकलचा विमा आणि चौघांची खोली

सायकलचा विमा काढतात असे सांगितले तर आपल्या वस्तीत लोक अजूनही हसतात. विमा म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांना मिळणारा पैसा, नाहीतर मोटारसायकल पोलिसाने अडवू नये म्हणून जवळ बाळगायचा कागद, एवढेच आपल्याला ठाऊक. पण आज गिअरची सायकल घ्यायला दुकानात जाऊन पाहा. पंधरा-वीस हजारांची गोष्ट निघते. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला एवढा पैसा जमवायला किती दिवस लागतात, हे वाचकांना मी सांगायला नको. आणि एवढी महागाची वस्तू रात्री उभी कुठे असते? परक्याच्या घराच्या जिन्याखाली.

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली मुले बारावीनंतर गाव सोडतात. कोणी बुलडाण्याला, कोणी खामगावला, कोणी संभाजीनगरला, तर कोणी पुण्याला. शासकीय वसतिगृहात सगळ्यांनाच जागा मिळत नाही. ज्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ६० हजार, तर महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, असे तेव्हा ठरले. या पैशात एकट्याला खोली परवडत नाही. मग तिघे-चौघे मिळून एक खोली करतात.

माझा पुतण्या असाच बुलडाण्याला राहतो. गाव डोंगरमाथ्यावर वसलेले, जिकडे जावे तिकडे चढउतार. खाली मोताळ्याकडे उतरायचे तर राजूर घाट. म्हणून गिअरची सायकल ही तिथे चैन नाही. ऑटोचे पैसे वाचतात, अभ्यासिकेतून रात्री अकरालाही खोलीवर येता येते. त्याच्या आईने बचत गटातून उचल घेऊन त्याला सायकल घेऊन दिली. तशीच एक सायकल त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाकडे होती. बाप गवंडीकाम करतो. सतरा हजारांची सायकल.

ती एका सकाळी जिन्याखाली नव्हती.

खोलीत चौघे राहत. त्यातला एक पारधी समाजाचा. चोरी झाली त्या रात्री तो खोलीवर नव्हता, बहिणीच्या गावी गेला होता. तरी घरमालकाच्या तोंडून पहिले नाव त्याचेच निघाले. ठाण्यातही पहिली चौकशी त्याचीच झाली. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कागदावरून तो गेला, घरमालकाच्या मनातून गेला नाही. खोलीतली मुले काही बोलली नाहीत, पण ज्याची सायकल गेली त्याचा बाप गावाहून आला आणि त्या मुलाकडे एकटक पाहत बसला. मला त्या बापाचा राग आला नाही. सतरा हजार गेलेल्या माणसाला कोणीतरी समोर लागते. पंधरा दिवसांत त्या पोराने गाठोडे बांधले आणि खोली सोडली. सायकल मिळाली नाही ती नाहीच.

पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, माझी गेली असती तर मायनं कोनावर आळ घेतला असता?"

या प्रश्नामुळे मी विम्याच्या मागे लागलो. विम्याने चोर सापडत नाही, हे खरे. पण गेलेल्या वस्तूचे काही पैसे परत येणार असतील, तर घरातले माणूस शेजारच्या पोराच्या तोंडाकडे पाहणे सोडते आणि कुलूप होते का, पावती आहे का, हे विचारू लागते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा हा सरकारच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे मांडले होते. खाजगी विम्यापेक्षा त्यात माणसाला जास्त सुरक्षितता मिळते आणि राज्याला नियोजनासाठी पैसा मिळतो, हे त्यांचे म्हणणे. पुढे १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, धम्मदीक्षेच्या दीड महिना आधी. सामान्य विमा, म्हणजे आग, चोरी, अपघाताचा, सरकारकडे यायला १९७२ चा कायदा लागला. आता त्यात खाजगी कंपन्याही आहेत. विमा ही श्रीमंतांची चोचले पुरवणारी वस्तू नाही, हे समजायला आपल्याला बाहेर जावे लागत नाही.

चौकशी केल्यावर कळले की सायकल ही विमा कंपन्यांना नवी नाही. घरगुती विम्याच्या जुन्या पॉलिसीत दागिने, दूरचित्रवाणी संच यांच्यासोबत पायडलच्या सायकलींचा एक स्वतंत्र भाग असतोच. अडचण वेगळी आहे. ती पॉलिसी घराच्या नावाने असते, आणि आमचा मुलगा परक्याच्या घरात राहतो. घरमालकाचा विमा असला तरी तो घरमालकाच्या वस्तूंचा, भाडेकरू पोरांच्या नव्हे. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी सर्व कंपन्यांकडे एकाच नमुन्याची मिळते. तिचे नाव ऐकून मला बरे वाटले होते. पण ती मुळात आग, पूर, भूकंप यांसाठी. चोरीचे पैसे त्यात केव्हा मिळतात? अशी आपत्ती आली आणि तिच्यापाठोपाठ सात दिवसांत चोरी झाली, तेव्हा. नुसती जिन्याखालून सायकल गेली तर नाही.

घरफोडीच्या विम्यातही मेख आहे. कुलूप वा दार जबरदस्तीने फोडल्याची खूण लागते. चौघांच्या खोलीत दार दिवसभर उघडे, किल्ली उंबऱ्यावरच्या फटीत. तिथे फोडणार काय? म्हणून सायकलचा वेगळाच विमा पाहावा, आणि अर्ज भरताना सायकल सामायिक घराच्या जिन्याखाली असते हे स्पष्ट लिहावे. लपवले तर क्लेमच्या वेळी तेच अंगावर येते. बहुतेक पॉलिसींत नुसते चाक किंवा सीट गेली तर पैसे मिळत नाहीत, सायकलसोबत गेली तरच मिळतात. गिअरच्या सायकलीचे पुढचे चाक हाताने सुटते, त्यामुळे साखळी फ्रेममधून आणि चाकातून दोन्हीकडून घ्यावी. भाड्याने दिलेली सायकलही सहसा बसत नाही. मोठ्या शहरांत आपली मुले सायकलवर जेवणाचे डबे पोचवून खर्च काढतात, त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. शिवाय दरवर्षी घसारा कापला जातो. तीन वर्षांच्या सायकलीला नव्या सायकलीचे पैसे कोणी देत नाही.

आता ठाण्याचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३०३ खाली पाच हजारांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली जाते. म्हणजे ठाण्यात नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. विमा कंपनी मात्र एफआयआर मागते. तेव्हा सायकल पाच हजारांच्या वरची आहे हे दाखवायला दुकानाची पक्की पावतीच लागते. गवंड्याच्या पोराजवळ ती नव्हती. दुकानदाराने कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता आणि चार पैसे कमी केले होते. पावतीवर फ्रेम नंबर लिहून घ्यावा. तो पायडलच्या आसाखाली ठोकलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाणेदाराने नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते.

कंपनीने क्लेम नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी त्याचे कार्यालय पुण्याला आहे. वकील लागत नाही, फी लागत नाही.

पुतण्याच्या सायकलचा विमा आम्ही काढला. हप्ता वर्षाला हजाराच्या आत बसला. त्याची आई म्हणाली, "एवढ्यात दोन टायर आले असते." तिचे चूक नाही, आले असते. पॉलिसी खोलीवर ठेवली नाही. पावती, फ्रेम नंबर आणि सायकलचे दोन फोटो यांच्या झेरॉक्ससह ती गावी पेटीत आहे, त्याच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये. खोली सोडून गेलेल्या त्या पारधी मुलाला आता वसतिगृहात जागा मिळाली आहे. पुतण्या रविवारी सायकलने त्याच्याकडे जातो.