चाप, स्प्रिंग आणि यिवू

दिवाळी तोंडावर आली की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज येतोच. चिनी माळा घेऊ नका, चिनी मालावर बहिष्कार टाका. काल आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोघांनी टाकला आणि एकाने मला टॅग केलं, "शेठ, तुमचं काय म्हणणं?" तिथं उत्तर दिलं नाही. इथं लिहितो, जरा लांबेल.

२०११ पासून माझं घर चिनी मालावर चालतंय. त्याआधी २३ वर्षं आम्ही माल स्वतः बनवत होतो. कुपवाड एमआयडीसीत अण्णांनी १९८८ साली एका हँड मोल्डिंग मशीनवर सुरुवात केली. कंगवे आणि केसांचे चाप. पुढे दोन ऑटोमॅटिक मशीन आल्या, नऊ बायका चाप जोडायला आणि कार्डावर लावायला यायच्या. २००५ नंतर बाजारात असा चाप यायला लागला, जो आमच्यापेक्षा देखणा आणि आमच्यापेक्षा स्वस्त. अण्णा एकच प्रश्न विचारायचे, "दाणा तोच, तेलाचा भाव तोच. मग परवडतंय कसं त्यांना?"

ते बघायला मी २०११ मध्ये यिवूला गेलो. चेच्यांग प्रांतातलं हे शहर. तिथल्या होलसेल मार्केटमध्ये सुमारे ७५ हजार गाळे आहेत. आपल्या मंडईतल्या गाळ्याएवढेच. आत एखादी बाई, मागे भिंतभर नमुने, खाली बसून गृहपाठ करणारं पोर. भाषा लागत नाही, ती कॅल्क्युलेटरवर आकडा टाकते, तुम्ही खोडून दुसरा टाकता. सगळे सगळ्यांना 'लाओबान' म्हणतात, म्हणजे शेठ. तिथं तो आकडा बघून मी गप्प झालो. आमचा नुसता दाणा, स्प्रिंग आणि मजुरी मिळून जेवढे व्हायचे, त्याहून तिची विक्रीची किंमत कमी.

आपल्याकडे सोपं उत्तर तयार असतं, तिथं मजुरी स्वस्त आहे, सरकार फुकट देतं. निर्यातीवर व्हॅटचा परतावा मिळतो, हे खरं. पण मजुरी तर २०११ मध्येही आमच्यापेक्षा जास्त होती! फरक दुसरीकडे आहे. आमची स्प्रिंग मुंबईहून यायची, कार्डाची छपाई कोल्हापूरला, डाय बिघडली की पुण्याला. आठवडा जायचा. तिथं खडे पाहिजेत तर शेजारच्या फूच्यांगमध्ये, अख्खा तालुका खडे घासतो. मोजे हवेत तर ताथांगला, बटणं छियाओथोऊला. एकेका गावाने एकेक वस्तू धरलीय. डायवाला सकाळी फोन केला की दुपारी दारात. आणि माल भरला की निंगपो बंदर काही तासांवर.

हे सगळं वरून आदेश काढून झालं असंही नाही. यिवूची जमीन नापीक. तिथले लोक गुळाच्या वड्या घेऊन दारोदार फिरायचे, बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायचे, ती खत म्हणून शेतात घालायचे. असा खाजगी धंदा तेव्हा गुन्हा होता. १९८२ साली तालुक्याचे पक्षसचिव शिए गाओहुआ यांना एका फेरीवालीने गाठलं, आम्हाला विकू का देत नाही म्हणून भांडली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाजार उघडून दिला. खुर्ची जाऊ शकत होती. आपल्याकडे फेरीवाल्यांच्या गाड्या उचलताना बघतो तेव्हा मला ही गोष्ट आठवते, दुसरं काय.

पण त्याची किंमतही दिसते, आणि तीही सांगायला पाहिजे. फूच्यांगची नदी खड्यांच्या भुकटीने दुधासारखी पांढरी झाली होती, २०१३ पासून ती साफ करायला घेतली. देशात गावं सोडून कामाला गेलेले सुमारे ३० कोटी लोक. त्यांच्या नावाची नोंद गावातच राहते, म्हणून शहरात पोराला सरकारी शाळा मिळणं अवघड. पोरं आजीआजोबांकडे, आईबाप वर्षातून एकदा नववर्षाला घरी. स्वतंत्र युनियन काढता येत नाही. आमच्या एजंट पोरीची मुलगीही अशीच हनानमध्ये आजीकडे होती. व्हिडिओ कॉल चालू असताना ती मला कार्टनचे भाव सांगायची.

एकदा तिने मला जवळच्या खेड्यात नेलं. आपला चाप तिथं 'बनतो' म्हणाली. बघतो तर अंगणात चार म्हाताऱ्या, पुढ्यात टोपल्या, चापाला खडे चिकटवतायत. नगावर पैसे. गप्पा चाललेल्या, एकीच्या पाठीला नातू. मी म्हटलं, ही तर आमचीच शेड!

परत आलो आणि तीन महिन्यांत मशीन बंद केल्या. सगळ्या बायकांना दोन-दोन महिन्यांचा पगार दिला. अण्णा शेडकडे फिरकले नाहीत. पहिला कंटेनर न्हावा शेवाला लागला त्या दिवशी मी पेढे आणले होते, ते तसेच राहिले.

आता ग्रुपवाल्यांना उत्तर. २०२० मध्ये खेळण्यांवरची ड्युटी २० वरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्काही सक्तीचा झाला. आयात घटली, चांगलंच झालं. चापावर उद्या ड्युटी वाढली तर माझं नुकसान होईल, तरी मी ओरडणार नाही. पण ड्युटीने स्प्रिंगवाला कुपवाडात येत नाही. डायवाला येत नाही. तो आणायचा कसा, यावर एकही मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

आमच्याकडे चाप जोडणाऱ्या एक मावशी आता आठवडी बाजारात पाटी लावतात. माल माझ्याकडूनच नेतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा कार्ड उलटंपालटं करून बघितलं. "दादा, कुठनं आणलासा ह्यो? कार्ड तिरकं लावलंय की. आमच्या हातनं आसं गेलं नसतं." मग चार डझन मोजून घेतले आणि म्हणाल्या, "पैसे सोमवारी देतो."