पांढरा दगड

मला गाडी चालवता येते, असं मी अर्जात लिहिलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. औशाजवळच्या आमच्या शेतात मी सतराव्या वर्षी ट्रॅक्टरवर बसले, एकविसाव्या वर्षी लातूरला लायसन काढलं. आमच्याकडचा रस्ता म्हणजे रानातून सरळ ओढलेली रेघ. समोरून येणारी एसटी आधी धुळीतून दिसते, मग तिचा लाल रंग दिसतो, आणि ती जवळ येईपर्यंत आपलं एक गाणं म्हणून होतं.

जून २००९ मध्ये मी मोखाड्याला एका संस्थेत रुजू झाले. पाड्यांवर जायचं, लहान मुलांची वजनं घ्यायची, आयांशी बोलायचं, असं काम होतं. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला १९९२-९३ मध्ये कुपोषणानं मुलं दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाडा ही जोडी साऱ्या महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून ठाऊक झाली होती. मलाही ती तेवढीच ठाऊक होती. तेव्हा हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. म्हणजे कलेक्टर कचेरीत कागद द्यायचा तर शंभरावर किलोमीटर जायचं. संस्थेकडे एक जुनी जीप होती आणि ड्रायव्हर महिन्यापूर्वी सोडून गेला होता. चावी माझ्या हातात आली.

पहिले पंधरा दिवस मी परमुलखातच होते. बायका बोलायच्या ती वारली बोली कानाला ओळखीची वाटायची, पण वाक्याचं शेपूट हातातून निसटायचं. जेवणात भात, नागलीची भाकरी, उडदाचं पिठलं. मी ज्वारीवर वाढलेली. ज्वारी मिळते का म्हणून जव्हारच्या बाजारात दुकान-दुकान विचारत फिरले. आणि पाऊस. आमच्याकडे वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पडला तर माणसं समाधानानं झोपतात. इथे त्याच्या तिप्पट-चौपट पडतो. काडेपेटी पेटेना, कपडे वाळेनात, उशीला कुबट वास. रात्री पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारच्या खोलीतलं बोलणंसुद्धा ऐकू यायचं नाही. इतका एकटेपणा मला त्याआधी कधी आला नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात नाशिकहून वजनकाटे आणि औषधांची खोकी घेऊन परत येत होते. त्र्यंबक मागे पडलं आणि तोरंगणचा घाट लागला. उतार लागला की आमच्याकडे गाडी न्यूट्रलला टाकतात, डिझेल वाचतं म्हणून. मीही टाकली. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला ब्रेक दाबला तर पाय खोल गेला आणि गाडीत जळका वास भरला. कशीबशी दरडीच्या बाजूला घेऊन एका मोरीपाशी जीप उभी केली. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

त्या वळणावर एक म्हातारा माणूस उभा होता. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात पिशवी. लेकीकडून निघून जीपची वाट पाहत होता. तो आला. पहिली गोष्ट म्हणजे रस्त्याकडेचा एक दगड उचलून त्यानं पुढच्या चाकाखाली सारला. मग मला म्हणाला, ‘‘ताई, उतर.’’

मी पाण्याचा कॅन काढला. चाकावर ओतणार, तर त्यानं कॅनच धरला. ‘‘तापलेल्यावर पाणी नको. ड्रमला तडा जाईल. बसू दे तिला. आपणपण बसू.’’

आम्ही मोरीच्या कठड्यावर अर्धा तास बसलो. त्या अर्ध्या तासात त्यानं मला ‘गाडी कुणी शिकवली’ असं विचारलं नाही. गाव कुठलं, घरी कोण कोण, पाऊसपाणी कसं, एवढंच विचारलं. मग चाकाजवळ वाकून वास घेतला, आणि म्हणाला, ‘‘चल. दुसऱ्या गिअरमध्ये. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, इंजिनच धरेल तिला.’’ मी जीप सुरू केली, किंचित मागे घेतली. तो पुढे आला, चाकाखालचा दगड उचलला आणि चालत जाऊन गटाराच्या पलीकडे ठेवला. पावसात, सावकाश. बसल्यावर म्हणाला, ‘‘दगड रस्त्यात टाकून लोक निघून जातात. रात्री मोटरसायकलवाला येतो.’’

एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते ते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. मोखाड्याजवळच्या पाड्यावर घर, थोडी वरकस जमीन, नागली-वरई व्हायची. मी त्यांना काका म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते संस्थेच्या दारात उभे. मी चावी घेऊन बाहेर आले, तर म्हणाले, ‘‘चावी ठेव आत. आज चालत.’’

चार-पाच किलोमीटर घाट त्यांनी मला पायी दाखवला. पाऊस उघडला होता. कुठे दरडीतून पाणी रस्त्यावर येतं आणि त्याखाली शेवाळ धरतं, ते बुटाच्या टाचेनं घासून दाखवलं. आश्रमशाळेची पोरं कुठल्या पायवाटेनं एकदम रस्त्यावर उतरतात ते दाखवलं. मोळी घेतलेली बाई हॉर्न ऐकून लगेच वळू शकत नाही. मोळीचं टोक आधी फिरतं, मग बाई, म्हणून तिच्यामागे हॉर्न वाजवायचा नाही, थांबायचं. गिअर वळणात नाही, वळणाच्या आधी टाकायचा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, कारण तिला थांबून पुन्हा निघणं जड जातं. फरशीपुलावरून पाणी जात असेल आणि पलीकडचा खांब बुडालेला असेल, तर आपण अलीकडेच, कुणी कितीही घाई केली तरी.

मग गाडी. महिनाभर रोज तासभर. त्याचे पैसे मी दोनदा देऊ केले. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा रागावले, आणि तो राग मला अजून आठवतो.

त्यांच्या घरी मी मावशींच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, हातची भाकरी खायला शिकले. नागलीची भाकरी ज्वारीसारखी थापली की चिरते. उकड काढावी लागते, हाताला पाणी लावून अंदाजानं वळावी लागते. पहिल्या पावसानंतर शेवळं आली तेव्हा त्यांनी मला बजावलं, की ही भाजी काकड किंवा चिंच घातल्याशिवाय शिजवलीस तर घसा खाजून रडशील. टाकळा, कुर्डू, बांबूचे कोवळे वास्ते. आठवड्याला एक नवी भाजी, आणि प्रत्येकीसोबत ती कुणी खाऊ नये याचंही सांगणं.

एकदा चुलीपुढे बसलो असताना मी विचारलं, ‘‘मावशी, मी कोण कुठली, तुम्ही माझं एवढं का करता?’’ त्या राख सारत राहिल्या. मग म्हणाल्या, लग्नाआधी आम्ही दरवर्षी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचो. सात-आठ महिने. तिथे पाणी भरायला गेलं की बाया हंडा मागे सारायच्या. एक म्हातारी होती, ती म्हणायची, ‘आधी हिला भरू दे, ही लांबून आली.’ तिचं नाव मला ठाऊक नाही.

एवढंच बोलून त्यांनी भाकरी उलटली.

मी आले तेव्हा जूनच्या पहिल्या पावसात टेंपो भरभरून माणसं परत येत होती. भांडी, कोंबड्या, पोरं, वर ताडपत्री. ते दृश्य मी पाहिलं होतं, पण मला वाटायचं परकी मी एकटीच आहे. अख्खा तालुका दरवर्षी परका होऊन येतो, हे त्या चुलीपुढे कळलं. उन्हाळ्यात तर याहून विपरीत पाहिलं. मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरणाचं काम सुरू होतं, मुंबईच्या पाण्यासाठी. आणि मे महिन्यात पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहत विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी गोळा करत होत्या. हा अन्याय आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. पण तो वेगळा विषय, वेगळ्या लेखाचा.

काकांच्या डोळ्यांचं मला पुढच्या मार्चपर्यंत कळलं नव्हतं. बोहाड्याला आम्ही सगळे गेलो. मोखाड्याचा बोहाडा रात्रभर चालतो. संबळ-सनईवर मुखवटे घातलेली सोंगं नाचत येतात. काका माझ्याशेजारी बसून एकेक सोंग सांगत होते. हा गणपती. आता सारजा येईल. माझ्या ध्यानात आलं की ते मान खाली घालून बसलेत आणि सोंग उजेडात येण्याआधीच नाव सांगतात. ‘‘काका, बघत का नाही?’’ म्हटलं, तर म्हणाले, ‘‘संबळ बघतो ना.’’ दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दिवसा धुकं, रात्री काहीच नाही. कुणाला सांगितलं नव्हतं. मावशींनाही नाही.

जुलै २०१० मधली रात्र. साडेअकरा वाजता आशा कार्यकर्तीचा, आशाताईचा, फोन आला: पाड्यावरून एका बाईला झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणलंय, पहिलटकरीण, दुपारपासून कळा, आता रक्त जातंय. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन गेलेली. काका त्या दिवशी पावसानं अडकून संस्थेच्या पडवीतच झोपले होते. मी जीप काढली तशी ते न विचारता शेजारी येऊन बसले.

बाईला मागे आडवी घेतली, सोबत तिची सासू आणि आशाताई. जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय गाठायचं होतं, वीस-पंचवीस किलोमीटर. निघालो आणि धुकं खाली उतरलं. दिव्याचा उजेड बॉनेटच्या पुढे गाडीभर अंतरावर जाऊन परत येत होता. पाऊस, धुकं, डांबर, सगळं एकाच रंगाचं. मी थांबले. म्हटलं, ‘‘काका, मला रस्ता दिसत नाही.’’

‘‘काच खाली घे. दिवा बारीक कर. इंजिन ऐकू दे मला.’’

आणि मग ते बोलत राहिले. दुसरा टाक. आता सरळ, थोडा चढ. पाणी लागेल, हळू. डावीकडे वळण, लांब आहे, तोडू नकोस. ऐक, इंजिन मोकळं झालं ना, उतार लागला. पाय काढ. मी डोळे ताणून फक्त साईडपट्टीचा काठ धरून होते, बाकी रस्ता त्यांच्या तोंडून येत होता. मागे ती बाई कण्हायची, मग गप्प व्हायची. ती गप्प झाली की माझा पाय ॲक्सिलरेटरवर जायचा आणि काका माझ्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवायचे.

एका ठिकाणी ते म्हणाले, ‘‘आता डाव्या अंगाला चुन्यानं रंगवलेला पांढरा दगड येईल. मोठा. तो दिसला की उजवीकडे पूर्ण वळव, पुढं दरी आहे.’’ मी बघत होते. काहीच नव्हतं.

‘‘दगड दिसला?’’

मागे सासू आणि आशाताई श्वास रोखून होत्या. मी म्हटलं, ‘‘दिसला.’’

‘‘वळव.’’

मी वळवलं. डांबर चाकाखाली होतं.

मुलगी झाली. पहाटे साडेतीनला. आई-लेकी दोघी वाचल्या. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेल्या, तेव्हा काका दवाखान्याच्या पायरीवर बसून बिडी पेटवायचा प्रयत्न करत होते आणि काडी बिडीपासून बोटभर लांब धरत होते. मी त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी त्यांना नाशिकला नेलं आणि दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं महिन्याच्या अंतरानं करून घेतली. यासाठी मला त्यांच्याशी भांडावं लागलं. शेवटी मावशी म्हणाल्या, ‘‘पोर नेतेय तर जा.’’ ती फेड नव्हती. दोन ऑपरेशनांत फिटावं इतकं ते ऋण लहान नाही. मला रस्ता दिला त्यांनी. भाषा, भाजी, भाकरी, थांबायचं कुठं आणि कुणासाठी हे दिलं. मी मोखाड्यात सहा वर्षं राहिले ती त्या मोरीच्या कठड्यावरच्या अर्ध्या तासामुळे. नाहीतर त्या आठवड्यात मी चावी ठेवून लातूरची गाडी पकडणार होते.

पट्टी निघून दीड महिना झाला तेव्हा काका एका सकाळी आले आणि हात पुढे केला. मी चावी दिली. त्यांनी आरसा सारखा केला, सीट एक खाच पुढे घेतली, आणि आम्ही जव्हारला निघालो. जानेवारीचं ऊन होतं, दरीत गवत पिवळं पडलेलं. मी शेजारी बसले होते. गाडी अशी जात होती की मांडीवरची पाण्याची बाटली कलंडली नाही.

एका वळणाआधी त्यांनी जीप बाजूला घेतली आणि उतरले. डाव्या बाजूला गटाराशी उभे राहून इकडे-तिकडे बघितलं. रस्ता कधीतरी रुंद केलेला दिसत होता. तिथे खडी होती, रानतुळशीची झुडपं होती. दगड नव्हता. असल्याची खूणही नव्हती.

‘‘कधी काढला?’’ ते म्हणाले.

मी काही बोलले नाही.

‘‘तू दिसला म्हणालीस.’’

‘‘हो.’’

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. डोळे स्वच्छ होते, काळेभोर, मला पहिल्यांदाच इतके नीट दिसले. मग ते जीपमध्ये बसले, दुसरा गिअर टाकला, आणि वळण घेतलं.