वेताळाची नोंद कोणी लिहायची?

फँटसी रोल-प्लेइंग गेमच्या मेनूत 'कोडेक्स' नावाचं एक पान असतं. त्या काल्पनिक जगातली राजघराणी, लढाया, देव, भुतंखेतं, झाडपाला यांच्या नोंदी तिथे रचून ठेवलेल्या असतात आणि बहुतेक खेळाडू ते पान उघडतही नाहीत. या नोंदी लिहिणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सध्या ज्या गेमवर काम चाललंय त्यातलं राज्य सह्याद्रीसारखं आहे. घाट, देवराया, गढ्या आणि आपल्याकडची सगळी भुतावळ: मुंजा, हडळ, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा. ड्रॅगन एकही नाही, आणि त्यावरून आमच्या टीममधले काहीजण अजून नाराज आहेत.

गेमबरोबर कोश देण्याची कल्पना जुनी आहे. १९८८ साली 'पूल ऑफ रेडियन्स' आला तेव्हा फ्लॉपीवर मजकुराला जागाच नव्हती, म्हणून खोक्यात एक छापील वही दिली होती. खेळताखेळता पडद्यावर सूचना यायची: वहीतली अमुक क्रमांकाची नोंद वाचा. कोणी आधीच सगळी वही वाचून काढेल या धास्तीने तिच्यात धडधडीत खोट्या नोंदीही पेरल्या होत्या. मला ती वही आजच्या कित्येक कोडेक्सपेक्षा शहाणी वाटते. नोंद वेळेवर हातात पडली पाहिजे हे तिला कळलं होतं, आणि छापलंय म्हणून खरंच असेल असं नाही, हेही.

पुढे डिस्कवर जागा झाली आणि लेखकांचा हात सैल सुटला. २००७ चा 'मास इफेक्ट', २००९ चा 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' यांचे कोडेक्स वाचायला बसलात तर रात्र सरेल. दोन्ही मला आवडतात, पण त्यांची नक्कल करणाऱ्यांनी घोटाळा केला. प्रत्येक टीमकडे एक जाडजूड दस्तऐवज असतो, त्याला सगळे 'बायबल' म्हणतात. कोणत्या राजाला किती मुलं, कोणत्या पंथाचा कुठला सण, गढीच्या दारावर कोणती मुद्रा. तो टीमसाठी असतो, चित्रकाराने भलत्याच घराण्याचं निशाण रंगवू नये म्हणून. मुदत जवळ आली की कोणीतरी म्हणतं, एवढं लिहिलंच आहे तर खेळाडूलाही देऊन टाकू. मग खेळाडू तळघरात कोंडलेला, मशाल विझत आलेली, आणि कोडेक्स त्याला तीनशे वर्षांची वंशावळ ऐकवतोय.

डॉ. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ खंडांपैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड केले, अकारविल्हे नोंदी त्यानंतर. त्यांचा वाचक खुर्चीत बसलेला होता. आमचा पळत असतो, त्यामुळे आम्हाला क्रम उलटा करावा लागतो. आधी सुटे तुकडे, आणि प्रस्तावना जमलीच तर शेवटच्या अंकात.

नोंद वाचून खेळाडूचं पुढचं पाऊल बदलतं का, एवढंच मी बघते. २००७ च्या पहिल्या 'विचर'मध्ये हे फार चोख जमलं होतं. एखाद्या राक्षसाची माहिती नायकाने पुस्तकातून मिळवलेली नसेल, तर त्याला मारूनही त्याच्या अंगातली औषधी द्रव्यं काढता येत नसत. माहिती नाही, तर लूटही नाही. पोरं निमूटपणे गावातल्या दुकानातून पुस्तकं विकत घ्यायची.

आमच्या वेताळाची नोंद त्याच विचारातून झाली. ती तीन थरांत उलगडते. पहिला थर वेशीवरच्या जागल्याशी बोललं की मिळतो: 'अवसेच्या रात्री मशाली दिसल्या तर वाट सोडून खाली बसावं. मान वर करू नये.' दुसरा थर वेताळाची स्वारी प्रत्यक्ष पाहिली की उघडतो आणि तो बरोबरची वैदीण लिहिते: 'मशाली पुष्कळ. पावलांचा आवाज नाही. कुत्री गप्प.' स्वारीतून जिवंत सुटलं तरच तिसरा: 'जागल्या अर्धंच सांगतो. उघड्यावर बसलेल्याला स्वारी सोडून जाते. झाडाआड लपलेल्याला शोधून काढते.' ज्यांनी पहिला थर नीट वाचला ते रस्त्याच्या कडेला बसतात आणि वाचतात. बाकीचे सवयीने झुडपात शिरतात. गेम खेळणाऱ्याला लपायची फार सवय असते.

जागल्या अर्धंच का सांगतो, हे मला महाळुंग्याने शिकवलं. २०२१ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आलं. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाच्या बाजूने बघितलं तर नुसते टॉवर दिसतात, आमचाही त्यातलाच एक. पण मागे गाव आहे, मुळेचा काठ आहे आणि गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड आहे. तो कोणाचा म्हणून मी तिथे बसलेल्या दोन आजोबांना विचारलं. एक म्हणाले, "म्हसोबा." दुसरे उसळले, "म्हसोबा कसला? वेताळ हाय त्यो. ताई, ह्याचं काय ऐकू नगा, ह्यो सूसचा." पहिल्यांची तिसरी पिढी महाळुंग्यात नांदतेय, तरी ते सूसचेच. वाद मिटला नाही आणि तो मिटावा असं दोघांनाही वाटत नव्हतं.

तेव्हापासून मी सर्वज्ञ नोंद लिहिणं सोडलं. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव येतं आणि दोघांची सांगणी एकमेकांना छेद देत असली तर दोन्ही ठेवते. याला आधारही आपल्याकडचाच आहे. पुण्याच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा प्राचीन चरित्रकोश १९३२ साली निघाला. एकाच नावाच्या अनेक व्यक्ती ते क्रमांक घालून वेगळ्या करतात आणि कुठली गोष्ट कोणत्या ग्रंथात आली ते कंसात देतात. पुराणं आपसांत भांडत असतील तर ते भांडण वाचकासमोर उघडं राहतं. फँटसी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो कोश आठवडाभर तरी उशाशी ठेवावा.

नोंद मेनूतून बाहेर काढण्याचेही प्रयत्न झालेत. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' २०२० मध्ये आला. तो रोल-प्लेइंग नव्हे, पण त्यात भिंतीवरच्या चित्रापाशी उभं राहिलं की देवच त्यामागची कथा सांगतात. मेनू उघडायचं कारणच उरत नाही. २०२३ च्या 'फायनल फँटसी १६'ने आणखी सोपं केलं: प्रसंग मध्येच थांबवून बटण दाबून धरलं की त्या क्षणी पडद्यावर असलेली माणसं, जागा आणि चाललेला वाद, एवढ्याच नोंदी समोर येतात. ही युक्ती आम्ही निर्लज्जपणे उचलली आहे.

मराठीत हे करताना वेगळीच मारामारी असते. काही गेम इंजिनांच्या नेहमीच्या अक्षरयंत्रणेला देवनागरी नीट जुळवता येत नाही, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. ते सुधारलं की ओळींची उंची आडवी येते. इंग्रजीसाठी आखलेल्या चौकटीत 'मूर्तींचं' लिहिलं की वरचा रफार-अनुस्वार तरी छाटला जातो, नाहीतर खालचा ऊकार. आणि अनुक्रम! संगणकाच्या कच्च्या क्रमाने लावलं तर 'काळभैरव' 'कावळ्या'च्या आधी येतो, कारण तिथे ळ लच्या शेजारी बसवलाय. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर. 'क्षेत्रपाल' शाळेतल्या तक्त्याप्रमाणे शेवटी शोधावा, तर तो 'क'मध्ये दडलेला. मराठीचा योग्य अनुक्रम लावणारी सोय तयार आहे, फक्त ती लावा म्हणून कोणीतरी हट्ट धरावा लागतो. आमच्याकडे तो मी धरते.

एक गोष्ट मात्र अनुक्रमाने सुटत नाही. कोडेक्समधल्या प्राण्याच्या नोंदीत ताकदीचा आकडा असतो, मर्मस्थान असतं. खवीसाला आकडा देता येतो. म्हसोबाला कसा देणार? त्याला आजही नारळ फुटतो. 'राजी'त देव कथा सांगतात आणि लढाई असुरांशी होते. ती वाटणी मला समंजस वाटते. म्हणून ज्याची पूजा चालू आहे त्याच्या नोंदीत आकड्याचा रकानाच ठेवायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

देवचाराचं अजून अडलंय. कोकण-गोव्यात तो राखणदार, पण मान चुकला तर पाठीशी लागणारा. आमच्या डेटाबेसात 'वर्ग' या रकान्यात एकच उत्तर बसतं, शत्रू किंवा रक्षक. दोन्ही ठेवायचं तर लढाईची सगळी गणितं पुन्हा तपासावी लागतील, असं आमचा प्रोग्रामर म्हणतो. दिवाळीनंतरच्या बिल्डमध्ये बघू म्हणालाय.