थांबून खेळायचा खेळ

पिवळ्या प्लॅस्टिकच्या त्या कॅसेटवर ‘९९९९९९९ इन १’ असं ठळक छापलेलं असायचं आणि घरातल्या एकाही पोराला त्यात काही वावगं वाटत नसे. एक कोटीला एकच कमी! यादी उघडली की पहिल्या पानावर मारिओ, दुसऱ्या पानावर पुन्हा मारिओ, फक्त या खेपेला मधल्याच कुठल्या तरी टप्प्यापासून सुरू होणारा. काँट्रात एका ओळीला तीन जीव, पुढच्या ओळीला तीस. खरे खेळ मोजायला बसलं तर वीस-पंचवीसच्या वर जात नसत, बाकी नुसती भरती. पण ती यादी खाली सरकवत राहण्यातही सुख होतं. न जाणो, खाली एखादा नवा निघायचा.

१९९० नंतरच्या त्या काळात घरोघरी जे ‘व्हिडिओ गेम’ आले, म्हणजे मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर वगैरे, त्यांतले बरेचसे आतून एकच होते. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या त्या नकला. कॅसेट लागली नाही की उपसून काढायची, खालच्या पट्टीवर जोरात फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. अडॅप्टर इतका तापायचा की आजी मांजराला तिथून हुसकायची. उज्जैनच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या वाड्यात असा एक व्हिडिओ गेम होता आणि त्याच्याभोवती सख्खी-चुलत-आते मिळून सुट्टीत एक फलटण जमायची.

त्या यादीत एक पेंग्विनवाला खेळ होता. आम्ही त्याला तेवढंच म्हणायचो. चुकून त्याच्यावर बटण दाबलं गेलं की मागून ओरडा व्हायचा, ‘अरे हट, वो पेंग्विनवाला लग गया!’ आणि कुणीतरी हात लांब करून रिसेट दाबायचं. (भांडायचं हिंदीतून आणि जेवायला बोलवायचं मराठीतून, ही आमच्याकडची जुनी वाटणी.) पडद्यावर खाली दोन पेंग्विन उभे, वर मधोमध पिंजऱ्यात एक हृदय. एवढंच दिसायचं, मग काळोख आणि पुन्हा यादी.

खेळाचं खरं नाव बायनरी लँड. हडसन सॉफ्टनं तो १९८३ मध्ये घरगुती संगणकांसाठी काढला आणि १९८५ मध्ये फॅमिकॉमवर आणला. ही कंपनी जपानच्या उत्तर टोकाला, साप्पोरोमध्ये, १९७३ साली कुदो नावाच्या भावांनी सुरू केलेली. सुरुवातीला तिथे हौशी रेडिओवाल्यांचं सामान मिळायचं. भावांना आगगाड्यांचं वेड, म्हणून दुकानाला वाफेच्या इंजिनाच्या एका जातीचं नाव दिलं, हडसन. १९८५ हे वर्ष मात्र या दोन पेंग्विनांना फारच वाईट निघालं. त्याच साली सुपर मारिओ ब्रदर्स आला. कमी पडलं म्हणून की काय, हडसनचाच बॉम्बरमॅनही त्याच साली फॅमिकॉमवर उतरला. मारिओनं जग जिंकलं, बॉम्बरमॅननं घराण्याचं नाव पुढे बरीच वर्षं चालवलं. २०१२ मध्ये कंपनी कोनामीत विलीन झाली. पेंग्विनांची आठवण काढणारे थोडे, आणि त्यांतले कितीतरी आमच्यासारखे नकली कॅसेटवाले.

असा मागे पडलेला खेळ माळव्यातल्या एका वाड्यापर्यंत पोचला कसा? तर अंगानं लहान होता म्हणून. पहिल्या दोन-तीन वर्षांतले फॅमिकॉमचे खेळ फार छोटे असत. बायनरी लँड सगळा मिळून २४ किलोबाइटचा. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर रोज सकाळी जे गुलाबाचं फूल येतं, त्या एका फुलात असे कैक खेळ मावतील. पुढचे मोठे खेळ कॅसेटमध्ये जादा चिप मागायचे. या लहानग्यांना तिची गरज नव्हती, त्यामुळे नकला करणाऱ्यांनी ते मूठमूठ उचलून एका कॅसेटमध्ये कोंबले. कोंबताना बऱ्याचदा पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव आणि साल खरवडून टाकलं. निवड कुणी आवडीनं केलेली नव्हती. मावतं का, एवढाच प्रश्न. पण त्या आंधळ्या भरतीमुळेच हा खेळ उज्जैनला आला. रसिकांच्या हाती निवड असती तर आला नसता, असं मला पक्कं वाटतं.

आता तो खेळतात कसा. पडद्याच्या मधोमध भिंत, दोन्हीकडे चक्रव्यूह. एकीकडे गुरिन, दुसरीकडे त्याची गुलाबी मैत्रीण मालोन. रिमोट एकच. वर दाबलं की दोघं वर, खाली दाबलं की दोघं खाली. पण आडवं दाबलं की आरसा सुरू होतो, एक उजवीकडे गेला की दुसरी डावीकडे जाते. दोघांनी एकाच वेळी पिंजऱ्याच्या दोन बाजूंना येऊन उभं राहायचं, मग पिंजरा उघडतो. वाटेत कोळी आणि त्यांची जाळी. हातातल्या फवाऱ्यानं दोन्हींचा निकाल लावता येतो. एक जाळ्यात अडकला तर दुसऱ्यानं त्याच्यापर्यंत जाऊन फवारा मारून सोडवायचं. दोघंही अडकले तर जीव गेला.

ऐकायला सोपं आहे. पण आपले डोळे दोन असले तरी नजर एकच असते. गुरिनकडे बघत त्याला सुरेख वळणं देत वर न्यावं, आणि मग दिसावं की मालोन मघापासून एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून जागच्या जागी पाय हलवतेय.

हा खेळ आमच्या वाड्यात का चालला नाही, याचा मी अलीकडे बराच विचार केला. तो ‘पोरींचा’ आहे असं थोरला चुलतभाऊ म्हणायचा. तो पतंग सोडून कशालाही पोरींचं म्हणायचा. खरं कारण रांग हे होतं. एक यंत्र, दोन रिमोट, मागे सहा-सात जणं. मेलास की उठ, असा कायदा. या कायद्यात काँट्रा उत्तम बसतो. धावा, उडी मारा, गोळ्या घाला, मरा, पुढचा या. कोडं तिथे बसत नाही. कोड्यात माणूस बघत राहतो. हात स्थिर, चेहरा रिकामा, काही होत नाहीये असं मागच्यांना दिसतं. ‘खेळ ना! खेळायचं नाही तर दे इकडे!’ विचार करणारा आणि वेळ काढणारा पाठीमागून सारखेच दिसतात. मी मुलगी, त्यातून धाकटी. माझ्या वाट्याला दुसरा रिमोट आणि तोही उन्हात पोरं पाणी प्यायला गेली की. त्या दोन-चार मिनिटांत कोण यादीत खाली जाऊन पेंग्विनांसमोर बसणार?

तासावर पैसे घेऊन खेळू देणारी दुकानं होती, तिथे तर घड्याळच पैशाचं.

आता मी नानाखेड्यात राहते. इथून महाकालची गर्दी लांब, इंदूर रस्ता जवळ, मॉल, स्टेडियम, नव्या कॉलन्या, आणि बसस्टँड. वाडा विकला गेला तेव्हा वडील महिनाभर गप्प होते. आमचं घराणं शिंद्यांबरोबर उज्जैनला आलेलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात हलवली, सरदार गेले, कारकून गेले, पण आमचे पूर्वज जागचे हलले नाहीत. का, ते वंशावळीत लिहिलेलं नाही. आळस असावा, असं आई म्हणते.

गेल्या कार्तिक मेळ्यात दादाच्या मुलीनं, माझ्या भाचीनं, तळहाताएवढं एक यंत्र घेतलं. ‘४०० इन १’. आकडा जरा जमिनीवर आला होता. क्षिप्रेकाठी धुळीत, पाळण्यांच्या घरघराटात ते घेतलं आणि घरी येऊन तिनं दोन दिवसांत टाकून दिलं. फोनवर याहून चांगले खेळ आहेत म्हणाली, ते खरंच आहे. यंत्र माझ्या पर्समध्ये राहिलं.

मग एकदा नानाखेड्याच्या स्टँडवर इंदूरच्या बसमध्ये बसले होते. ही बस वेळेवर सुटत नाही, भरल्यावर सुटते. कंडक्टर दारात लोंबकळत ‘इंदौर-इंदौर-इंदौर’ असं एका श्वासात ओरडतो, ड्रायव्हर इंजिन सुरू करून दोन हात पुढे घेतो, आता निघाली असं वाटून खालचे चार जण धावत चढतात, आणि बस पुन्हा दोन हात मागे. कुणीतरी शेव-परमल खात होतं. मी ते यंत्र काढलं, यादी खाली खाली नेली, आणि पेंग्विन निघाले. रिसेट दाबायला मागे कुणी नव्हतं.

पहिले काही टप्पे चटकन गेले. मग एका टप्प्यावर गाडी अडली. गुरिन मध्यभागापासून एक घर लांब, मालोन दोन घरं. आत दाबलं की दोघं आत सरकतात, बाहेर दाबलं की दोघं बाहेर. एका घराचा फरक काही केल्या मिटेना. घाई केली की कोळी गाठायचा. शेवटी मी दोघांना एका सुरक्षित जागी उभं केलं आणि नुसती बघत बसले. वर वेळेचा आकडा घसरत होता, घसरू दिला. आणि मग दिसलं की खाली दोन ओळींवर गुरिनच्या आतल्या बाजूला भिंत आहे आणि मालोनच्या बाजूला ती नाही. तिथे परत खाली यायचं. आत दाबायचं. गुरिन भिंतीला टेकून जागेवरच, मालोन मात्र एक घर पुढे. फरक मिटला. आता सरळ वर.

म्हणजे मी इतका वेळ ज्या भिंती चुकवत होते, त्याच कामाच्या होत्या. मोकळ्या मैदानात सोडलं असतं तर या दोघांतलं एका घराचं अंतर जन्मात मिटलं नसतं. दोघांपैकी एकाला अडवणारं काहीतरी लागतं, आणि ते एकालाच अडवणारं लागतं. ज्यानं कुणी हे चक्रव्यूह आखले, त्यानं दोन्ही बाजू सारख्या दिसतील इतक्याच सारख्या ठेवल्या आणि बरोबर जागी बिघडवल्या.

देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांची आठवण त्या बसमध्येच झाली. शाळेत शिकवता शिकवता आकड्यांशी खेळणारा माणूस. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडला. चार अंकी संख्या घ्या, अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग तेच उलट मांडा आणि वजा करा. ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७. पुन्हा तसंच, ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. इथून पुढे काहीही करा, ६१७४ च. फार तर सात पायऱ्यांत तिथे पोचताच. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. ११११ घेतलात तर त्याचं उलटही ११११, वजाबाकी शून्य, खेळ संपला. संख्या आणि तिचं आरशातलं रूप यांत काहीतरी फरक असला तरच गाडी पुढे जाते. मास्तरांनाही आपल्याकडे बरीच वर्षं कुणी फारसं विचारलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांना जाग आली. नसते उद्योग करणारा माणूस अशीच तोवर ख्याती. वर्गाच्या रांगेत, पगाराच्या रांगेत, मधेच थांबून वजाबाकी करत बसणारा माणूस मागच्यांना आवडत नाही, हे काय नवीन सांगायचं?

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘तो पेंग्विनवाला? अगं, त्यात काही होतच नाही!’

‘तू कधी दुसऱ्या टप्प्याला गेला होतास?’

‘पहिल्याला तरी कोण गेलंय!’

तो काँट्राबद्दल अर्धा तास बोलला. मला काँट्रा आवडतो. पण काँट्राबद्दल बोलताना माणसं आपण किती वेगानं खेळायचो तेच सांगतात, त्या खेळात काय होतं ते सांगत नाहीत. झाड होतं का, पाणी कुठल्या रंगाचं, कुणाला आठवत नाही. दादालाही नाही आठवलं. मी विचारलं होतं.

या रविवारी भाची आली तेव्हा यंत्र तिच्या हाती दिलं. तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग दोनदा कोळ्यानं तिला गाठलं, मग मांडी घालून बसली. आता आमची वाटणी झाली आहे. बटणं तिच्याकडे, ती गुरिनवर नजर ठेवते. मी शेजारी बसून मालोनवर लक्ष ठेवते आणि ‘अडकली’, ‘सुटली’, ‘कोळी, कोळी!’ एवढंच बोलायची मला परवानगी आहे. सल्ला द्यायचा नाही. परवा मी न राहवून म्हटलं, ‘अगं, आधी तो कोळी मार आणि मग वर जा.’

‘आत्या, त्याला कशाला मारायचं? तो जातोय ना तिकडे. जाऊ दे.’

मी म्हटलं, फवारा दिलाय तो कशाला? ती म्हणाली, दिलाय म्हणून मारायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय. आणि तिनं दोघांना उभं केलं, कोळी समोरून आडवा निघून गेला, आणि ती वर गेली. माझ्या मते यात वेळ वाया जातो आणि शेवटच्या वळणावर तो नडतो. तिच्या मते नडत नाही. यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.