अडतीस पायऱ्या

आमचा दहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरतो. दोन वर्षांपूर्वीं त्या ३८ पायऱ्या चढून गेल्यावर हजेरी घेण्यापुरताही दम मला उरत नसे, व मुलें गालांतल्या गालांत हसत.

एका स्नेह्याच्या सांगण्यावरून भात, भाकरी व फळें वर्ज्य करून मीं अंडीं, मांस व लोणी यांवर तीन आठवडे काढले. पहिल्याच आठवड्यांत वजन तीन किलो उतरलें! परंतु तो आनंद अज्ञानाचा होता. पिष्टान्न तुटलें म्हणजे यकृतांत व स्नायूंत सांठलेली साखर संपते, आणि तिच्या दर ग्रॅमामागें सुमारें तीन ग्रॅम पाणी निघून जातें. मेद बहुतेक जागच्या जागींच. पुढें नाताळ आला. करंज्यांपुढें माझें पथ्य टिकलें नाहीं, आणि वजन सव्याज परत आलें.

हें वेड जुनेंच आहे. लंडनच्या विल्यम बॅंटिंग यानें १८६३ सालीं असल्याच पथ्याचें पत्रक छापलें, तेव्हां इंग्रजींत त्याच्या नांवाचें क्रियापदच रूढ झालें.

मग मीं दोनच गोष्टी धरल्या : बसमधून दोन थांबे अलीकडे उतरावयाचें, व रात्रीं एकच भाकरी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत संवय अंगवळणीं पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८, कोणास २५४. एखादा दिवस चुकल्यानें फारसें बिघडत नाहीं, असेंही त्यांत दिसलें. मीं तर पहिल्या पावसाळ्यांत चालणें चार वेळां सोडलें व पांच वेळां धरलें.

चौदा महिन्यांत पांच किलो उतरले. हल्लीं वर पोहोंचतांच मी हजेरी घेतों. उशिरां येणाऱ्या मुलांस तें मुळींच रुचत नाहीं.