साठ रोपं आणि एक फेब्रुवारी

आमच्या हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत साठ रोपं उभी आहेत. करंज, कडुनिंब, बहावा आणि चार-पाच कांचन. जुलैमध्ये एनएसएसच्या वृक्षारोपणासाठी आणलेल्यांपैकी ही उरलेली. उरली म्हणजे काय, तर खणलेले खड्डे संपले, फोटो काढून झाले, वडापाव खाऊन झाले आणि मग ज्याचं त्याला सबमिशन आठवलं! तेव्हापासून मालीकाका त्यांना पाणी घालतात आणि आम्ही कपडे वाळत घालायला जाताना त्यांना वळसा घालतो.

यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सेकंड इयरची चार पोरं माझ्या रूमवर आली.

"दादा, गॅदरिंगच्या आत ही सगळी रोपं लावून टाकू. फायनल इयरच्या प्रत्येकाच्या नावाचं एक झाड. कशी आहे आयडिया?"

आयडिया झकास होती. प्रॉब्लेम एवढाच, की ती माझीच होती. दोन वर्षांपूर्वीची.

तेव्हा मी सेकंड इयरला होतो आणि झाडांतलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. मी तासगाव तालुक्यातला. घरी द्राक्षबाग. आमच्याकडे नवीन बागेसाठी डॉगरिजची खुंटरोपं फेब्रुवारी-मार्चमध्येच लावतात. लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे मालीकाका "आत्ता नको रे बाळा, पाऊस पडू दे" म्हणाले, तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं, "काका, आमच्याकडे याच दिवसांत लावतात. थंडी सरत आली की रोप जोर धरतं." काका काही बोलले नाहीत. खोरं आणून दिलं.

पंचवीस रोपं लावली. दोन आठवडे ती इतकी टवटवीत होती, की मी येता-जाता मुद्दाम त्या रस्त्याने जायचो. सकाळी गारवा, पानांवर दव. मार्चमध्ये टेस्ट आली, एप्रिलमध्ये सबमिशन आणि पारा चाळीसला टेकला. मग पीएल, परीक्षा आणि सुट्टी. हॉस्टेल रिकामं झालं, टाकीही रिकामी. जुलैमध्ये परत आलो तेव्हा तीन रोपं जिवंत होती, तीही मेसच्या सांडपाण्याजवळची. बाकी बावीस काड्या. काका एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हे सगळं मी त्या चौघांना सांगितलं. त्यांच्यातला एक म्हणाला, "पण मग द्राक्षाची कशी जगतात?" प्रश्न बरोबर होता आणि लाजिरवाणी गोष्ट अशी, की तो मी दोन वर्षांत स्वतःला नीट विचारला नव्हता. त्या रात्री घरी फोन केला. बाबा हसले. म्हणाले, "अरे, डॉगरिजच्या बुडाशी ठिबकची नळी असते, ती दिसली नाही का तुला? आणि फेब्रुवारी आपण हौसेनं धरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरायचं असतं. तोवर काडी पेन्सिलीएवढी जाड व्हायला हवी. म्हणून मागं मोजत मोजत फेब्रुवारीवर येतो."

मागे मोजत! आपण नाही का, व्हायवाच्या तारखेपासून मागे मोजत जर्नल पूर्ण करायला बसतो, तसंच. मी फक्त महिना पाहिला होता. त्याच्या पुढची ठिबकची नळी आणि त्याच्याही पुढचं कलम मी गाळूनच टाकलं होतं.

आमच्या मजल्यावर एक हिमाचलचा मित्र आहे. त्याच्या घरी सफरचंदाची बाग. त्यालाही विचारलं. त्यांच्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हेच लागवडीचे दिवस. रोपाच्या मुळांना माती नसली तरी चालते, नुसती मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणतात. "पेड़ सोया हुआ होता है यार," तो म्हणाला. पानं गळालेली असतात, त्यामुळे पाण्याची मागणी जवळजवळ नसतेच. डोळे फुटायच्या आत रोप जमिनीत गेलं पाहिजे. मग बर्फ वितळतं, माती हळूहळू गरम होते आणि पानं उलगडेपर्यंत मुळांना सवड मिळते.

आता हे आपल्या भाषेत मांडून पाहा. मूळ म्हणजे पंप, पान म्हणजे लोड. रोप हलवताना केसासारखी बारीक मुळं तुटतातच, म्हणजे पंपाची क्षमता कमी होते. तिकडे त्या वेळी लोड बंद असतो आणि पुढचे दिवस ओलीचे असतात. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर ऊन वाढतं, हवा कोरडी होते, जमिनीतली ओल खाली जाते आणि नेमका त्याच वेळी करंज आणि कडुनिंब नवी पालवी काढायला लागतात. म्हणजे पंप नादुरुस्त आणि लोड वाढता! ट्रिप होणारच. फेब्रुवारीतलं ते पंधरा दिवसांचं टवटवीतपण हे जुन्या साठ्यावर चाललेलं असतं. ते पाहून मी फसलो होतो.

मग ठरवलं, थांबायचं. जुलैपर्यंत रोपं आहेत तशी ठेवायची. काकांना हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, "तेही चालायचं नाही." आणि त्यांनी एक पिशवी उचलायला लावली. ती उचलेचना. मुळं पिशवीच्या भोकांतून निघून खाली जमिनीत घुसली होती. काकांनी ब्लेडने पिशवी उभी फाडली. आत मुळं पिशवीच्या कडेकडेने गोल गोल फिरलेली, स्प्रिंगसारखी. "असंच लावलं, तर मोठं झाल्यावरही मूळ गोलच फिरत राहतं. मग एखाद्या वादळात आख्खं झाड आडवं."

म्हणजे आत्ता लावलं तर उन्हाने मरणार आणि नुसतं ठेवलं तर मुळं आवळली जाणार. गेल्या जुलैमध्ये आम्ही जे काम अर्धवट टाकलं होतं, त्याचा हा हिशेब होता.

तोडगा काकांनीच सांगितला. आत्ता जमिनीत नाही, पण मोठ्या पिशवीत हलवायची. बाहेर आलेली मुळं धारदार कात्रीने छाटायची, गोल फिरलेली मोकळी करायची किंवा कापायची, थोडी पानंही कमी करायची. दहा बाय बाराच्या पिशव्या, माती आणि कुजलेलं शेणखत. मग पंधरा दिवस दाट सावलीत. टाकीची सावली आहेच. नंतर हळूहळू उन्हाची सवय.

आमच्यातल्या एका सिव्हिलवाल्याने लगेच कागद घेतला. साठ रोपं जमिनीत असती तर दिवसाआड प्रत्येकी दहा लिटर धरून पाऊस येईपर्यंतच्या साधारण शंभर दिवसांत तीस हजार लिटर पाणी लागलं असतं, म्हणजे दहा हजारी तीन टँकर. पिशवीत रोज एक लिटर धरलं तरी सहा हजारांत भागतं आणि साठही रोपं एकाच जागी असल्यामुळे एकटे काकासुद्धा सुट्टीत पाणी घालू शकतात. कागद रेक्टर सरांकडे नेला. सरांनी तो दोनदा वाचला आणि पिशव्यांचे व शेणखताचे पैसे मंजूर केले. हॉस्टेलच्या इतिहासात पहिल्यांदाच एखादा अर्ज पहिल्या फेरीत पास झाला असावा!

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी साठही रोपं हलवली. कात्री चालवताना माझा हात थरथरत होता. तोडलेल्या मुळांचा ढीग पाहून जीव वर आला. आज तीन आठवडे झालेत. दोन रोपं गेली. बाकी अठ्ठावन्नांपैकी बऱ्याच करंजांना तांबूस-हिरवी चकचकीत पालवी आली आहे. कांचन अजून रुसलेलेच आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागली होती. जुलैमध्ये ही रोपं लागतील तेव्हा आमची बॅच इथे नसेल. कुणाची नोकरी, कुणाचं गेट, कुणाचे राहिलेले विषय. आपल्या हाताने झाड लावायचं तर आत्ताच, नाहीतर नाही. खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वी बावीस रोपं मेली ती याच घाईने. तेव्हा ती गॅदरिंगच्या तारखेला लावली होती, झाडांच्या तारखेला नाही.

पण आमच्यासाठीही काम निघालं. खड्डे! दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. ते उन्हाळ्यातच खणून ठेवायचे असतात, म्हणजे ऊन आत तळापर्यंत जातं, माती तापते, किडी मरतात. मेअखेर माती आणि शेणखताने भरायचे. फायनल इयरच्या प्रत्येकाने एक खड्डा खणायचा असं ठरलंय. आमच्या हॉस्टेलची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम, पहार टणकन उडते. आत्तापर्यंत एकवीस झालेत. हातांना फोड आलेत, तरी रोज संध्याकाळी चहाच्या आधी कुणी ना कुणी पहार घेऊन दिसतोच.

ज्युनिअर्सना एवढंच सांगायचंय. पहिल्या सरीला भुलू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊ द्या. भरलेल्या खड्ड्यात हात कोपरापर्यंत घालून पाहा, तिथवर ओल असेल तर पिशवी फाडा. आणि त्याआधी काकांना विचारा. ते "नको" म्हणाले, तर तुमच्या गावाकडे काय करतात ते त्यांना सांगू नका.