सहा पाउंड, दोन औंस

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. फोर्ट कॉलिन्स

मध्यरात्रीनंतर जागून ऑलिंपिकमधली नेमबाजीची फायनल पाहिली. स्वप्नील कुसाळे, ब्राँझ, ४५१.४. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातला कांबळवाडीचा पोरगा. आईला फोन लावला तर तिला आधीच कळलेलं.

त्याच्या प्रकारात रायफल आठ किलोपर्यंत चालते. मी शनिवारी जी घ्यायला निघालोय ती तीन किलोंचीसुद्धा नाही.

३ ऑगस्ट

पैसे भरले. .३०८. दस्ता प्लॅस्टिकचा, नळी पेन्सिलीसारखी. बंदूकखरेदीचा फॉर्म ४४७३, ग्रीन कार्डाचा नंबर, मग घरी जा. कोलोरॅडोत गेल्या ऑक्टोबरपासून तीन दिवस थांबावं लागतं.

पुठ्ठ्याच्या खोक्यावर हमी छापली आहे: तीन गोळ्या, १०० यार्ड, एक इंचाच्या आत.

७ ऑगस्ट

आणली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. २.७ किलो. दुर्बीण बसवून ३.१. बायकोचं म्हणणं, तो काटा आता कणकेला वापरायचा नाही.

हातात घेतल्याबरोबर एन.सी.सी. आठवली. पॉइंट टूटू डीलक्स, वजन ६ पाउंड २ औंस. अजून तोंडपाठ. म्हणजे जवळजवळ हेच वजन. २५ यार्ड, पाच गोळ्या, ग्रुपिंग. उस्ताद मागून ओरडायचे: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, ट्रिगर ऑपरेशन. शिस्त म्हणजे नेम, हे तिथे कळलं. शाळेत तोवर एकच अर्थ माहीत होता.

१० ऑगस्ट

शेजारच्या आजोबांबरोबर पॉनीच्या माळावरच्या सरकारी रेंजवर. (मुलगी आजोबा म्हणते, म्हणून आम्ही सगळेच.)

पहिल्या तीन गोळ्या: ०.९ इंच. कागदाचा फोटो काढला.
पुढच्या तीन: २.२.
पुढच्या तीन: १.४.
नळीला हात लाववेना.

आजोबा म्हणाले, "पहिला कागद खिशात घाल आणि घरी चल."

११ ऑगस्ट

रविवार. कागदावर आकडेमोड. तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी १ धरली, तर त्याच बंदुकीचा पाचांचा ग्रुप सरासरी सव्वापेक्षा थोडा जास्त येणार, दहांचा दीडच्याही पुढे. नुसत्या संभाव्यतेने. बंदुकीत काही बिघडायला नको. हमी तीन गोळ्यांचीच का, ते कळलं.

१८ ऑगस्ट

आज पाच-पाच. दोन गोळ्यांमध्ये पाच मिनिटं, घड्याळ लावून. सावलीत नळी थंड करायची, मधल्या वेळात डबा खायचा. एवढं करून २.६ इंच. आधीच्या आठवड्यापेक्षा वाईट.

बंदूक परत करावी?

२० ऑगस्ट

एक डॉलरची नोट नळी आणि दस्ता यांच्यामधून सरकवली. आरामात गेली. मग दस्त्याचं टोक उशीवर टेकवून वरून जरा दाबलं. नोट अडकली.

म्हणजे वाळूच्या पिशवीवर ठेवली की प्लॅस्टिक वाकतं, नळीला एका बाजूने टेकतं. एका गोळीला टेकतं, दुसरीला नाही. वजन कमी करायला दस्ता आतून पोकळ केलेला. ती तूट कुठेतरी निघायचीच.

२१ ऑगस्ट

गॅरेजमध्ये. पान्याच्या सॉकेटला पॉलिशपेपर गुंडाळून दस्त्याची खाच आतून घासली. काळी भुकटी. शिंका. आता दाबूनसुद्धा नोट जाते. दस्त्याचे स्क्रू माहितीपत्रकात दिलेल्या आकड्याला, टॉर्क पान्याने. पिशवीही पुढच्या टोकाखाली न ठेवता मागे, मॅगझिनच्या जरा पुढे ठेवायची.

अचानक लेथवरचे दिवस आठवले. हात काळे करून बरं वाटलं.

२५ ऑगस्ट

पाच गोळ्या, १.९. चार एकत्र, एक खाली. दुसरा कागद: चार एकत्र, एक खाली.

ती एक कोणाची?

२६ ऑगस्ट

खांद्यावर जांभळा डाग. ही म्हणाली, पैसे देऊन मार खाऊन आलास.

हिशेब केला. १६५ ग्रेनची गोळी आणि तिच्यामागचा वायू मिळून संवेग तेराच्या आसपास. ३.१ किलोच्या बंदुकीत धक्क्याची ऊर्जा २७ ज्यूल. तेच काडतूस ४.२ किलोच्या बंदुकीत, २०. एक किलो वाचवलं त्याची किंमत प्रत्येक गोळीला सात ज्यूल, थेट खांद्यात. टूटूला हे काहीच नव्हतं. तेच वजन, पण ते बाळ होतं.

१ सप्टेंबर

आजोबांनी सांगितलं, तू तिकडे बघ. बंदूक त्यांनी भरली, माझ्या हातात दिली. ट्रिगर दाबला. गोळी सुटलीच नाही. खोटं काडतूस. आणि नळीचं तोंड मात्र तळ्यात बगळ्याने चोच मारावी तसं खाली गेलं.

मी डोळेही मिटले होते. ते त्यांनी सांगितलं.

दहापैकी सहा खोटी घातली होती त्यांनी. सहाही वेळा चोच.

घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही.

३ सप्टेंबर

रिकाम्या बंदुकीने तळघरात वीस वेळा. भिंतीवर टिकली लावली आहे. काडतुसं वरच्या मजल्यावर, कुलपात.

७ सप्टेंबर

गणपती बसले. मोदक एकवीस, ट्रिगर वीस. ट्रिगर पडताना क्रॉसहेअर टिकलीवरून हलली नाही अशा आज चौदा.

१४ सप्टेंबर

रेंजवर आजोबांना म्हटलं, तुम्ही मारून बघा. त्यांची स्वतःची विंचेस्टर मॉडेल ७०, १९६४ च्या आधीची, अक्रोडाचा दस्ता, .३०-०६, दुर्बिणीसकट सव्वाचार किलो. तिच्यापुढे माझी त्यांना खेळणं वाटते. त्यांच्या मते हलक्या बंदुकीचं हे खूळ जुनंच. १९५२ मध्ये विंचेस्टरने मॉडेल ७० ची फेदरवेट काढली, .३०८ काडतूसही त्याच साली, तिच्याच बरोबर आलं. त्यांच्या वडिलांनी दुकानात ती उचलून पाहिली आणि परत ठेवली.

बसले. मी डावा हात मागे, दस्त्याच्या बुडाखाली ठेवतो, जड टार्गेट रायफलवाल्यांचं बघून. त्यांनी डावा हात पुढे नेला, दस्ता वरून धरून पिशवीत दाबला. खांद्यात घट्ट ओढली. पाच गोळ्या. १.२ इंच.

"लाथ मारते," म्हणाले, आणि खांदा चोळला. जड बंदूक आपली आपण बसून राहते म्हणे, हिला धरून बसवावं लागतं.

ट्रिगरचंही बोलले. ओढ पावणेदोन किलो, बंदूक तीन किलो. बोट ट्रिगर ओढतं की बंदूक? स्क्रू फिरवून किलोभरावर आणला, माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेत.

मजबूत पकड. पंचवीस वर्षांपूर्वी फुकट सांगितलं होतं.

२१ सप्टेंबर

१.४. १.६. १.३. खाली जाणारी गोळी एकदाच.

२९ सप्टेंबर

टेबल बंद. मांडी घालून, पट्टा डाव्या दंडाला पिळून. २०० यार्डांवर जेवणाच्या ताटाएवढी लोखंडी थाळी. बसून दहापैकी नऊ. गुडघ्यावर सहा. उभ्याने दोन. उभ्याने नळी नुसती फिरते, वाऱ्यावरच्या काटकीसारखी. आजोबांची विंचेस्टर उभ्याने घेतली तर तीही फिरते, पण सावकाश. पाच मारू दिल्या. तीन लागल्या.

उभ्याने मारायचं नाही, एवढं ठरलं.

५ ऑक्टोबर

शिकारीला निघायचं तर परवान्याबरोबर शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जवळ हवं. १ जानेवारी १९४९ पासून पुढे जन्मलेल्यांनाच. आजोबा १९४८ चे. दरवर्षी हा विनोद होतो म्हणे.

१२ ऑक्टोबर, दसरा

आईचा फोन. खंडेनवमी झाली, हत्यारं पुजलीस का? घरी ती विळी, कोयता आणि बाबांचा स्क्रूड्रायव्हर पुजते. मी बोल्ट काढून बंदूक पाटावर ठेवली. झेंडू बाजारातून. हिने हळदकुंकू वाहिलं, पण तोंड फिरवून.

आईला केशरी जाकिटातला फोटो पाठवला होता. ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी अंगावर हवंच, कायदा आहे. आई म्हणे, गोसावी झालास की काय.

२५ ऑक्टोबर. वॉल्डनच्या पश्चिमेला, रूटचं जंगल

तंबू. साधारण ९,००० फूट. पाणी गोठलंय. संध्याकाळी मूस दिसला, ऐंशी यार्डांवर, म्हशीसारखा निवांत. त्याचा परवाना नाही आपल्याकडे. नुसतं बघत बसलो.

२६ ऑक्टोबर

पहिला दिवस. नर एल्क, उघड्या उतारावर, साधारण ३०० यार्ड. मी चढून आलेलो, छाती भात्यासारखी. बसलो तर मधे झुडपं. उभं राहिलं तर क्रॉसहेअर शिंगांपासून शेपटापर्यंत. सुरक्षाखटका काढलाच नाही. तो चालत झाडीत गेला.

आजोबांचा गुडघा सुजलाय. तंबूत बसून बर्फ लावतायत.

२७ ऑक्टोबर

पहाटे चढ सुरू व्हायच्या आधी बंदुका बदलल्या. मीच सुचवलं. सव्वाचार किलो माझ्या खांद्यावर, तीन त्यांच्या. काडतुसांचीही अदलाबदल, टॉर्चच्या उजेडात, चारही खिसे रिकामे करून, दोनदा मोजून. .३०८ आणि .३०-०६ एका खिशात राहता कामा नयेत.

सव्वाआठ. चार माद्या, आस्पेनच्या कडेला. त्यांच्याकडे मादीचा परवाना. १६५ यार्ड. आजोबा पडलेल्या ओंडक्यामागे खाली बसले, सॅक ओंडक्यावर, बंदूक सॅकवर, डावा हात वरून. मी त्यांच्या मागे, दोन्ही कानांवर हात. नळीच्या तोंडाकडे बघत होतो, प्राण्याकडे नाही. तोंड हललं नाही. मग आवाज.

ती चाळीसेक पावलं गेली आणि बसली.

खूप वेळ दोघंही जागेवरच.

रात्री

सोलणं, तोडणं, कापडी पिशव्या. मागचा एकेक पाय हाडासकट पंचवीसेक किलो. ट्रक तीन किलोमीटर खाली. आज दोन फेऱ्या, उद्या दोन. आजोबा पाठीचं मांस आणि दोन्ही बंदुका घेऊन काठी टेकत. पायाच्या ओझ्याखाली असताना बंदुकीतल्या एका किलोचा विचार करायचा प्रयत्न केला. सुचेना.

२८ ऑक्टोबर

उरलेलं उतरवलं. माझा परवाना ३ नोव्हेंबरपर्यंत आहे. माझे पाय नाहीत.

२ नोव्हेंबर, पाडवा

हिने ओवाळलं. फ्रीझरमध्ये अर्धा एल्क, वरच्या कप्प्यात चकलीचं पीठ.

नळी साफ केली. वहीत बेरीज: कागदावर आणि थाळीवर २१४. डोंगरात एक, तीही माझ्या हातची नाही.

संध्याकाळी आजोबा फराळाला आले. चिवडा खाताना विचारलं, "ती लाथाळ विकणार आहेस का?"

म्हटलं, विंचेस्टर द्या बदल्यात.

त्यांनी आणखी चिवडा मागितला.